बाजूने दिसलं पाहिजे

आमच्या समोरच्या राऊतकाकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट समोरून बघितलेली नाही. त्यांच्याकडे टीव्हीसमोर तीन माणसांचा चांगला ऐसपैस सोफा आहे, पण त्यावर सुमनकाकू एकट्याच बसतात. काका बाल्कनीच्या दाराशी, टीव्हीच्या जवळजवळ बगलेत, प्लास्टिकची खुर्ची टाकून मान वाकडी करून बघतात. लग्नाला गेले आणि पहिल्या रांगेत जागा मिळाली तरी हे आपले स्टेजच्या बाजूला, फुलांच्या खांबाआड उभे. माझ्या भाचीच्या लग्नाला आले होते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कशी वाटली नवरी?" तर म्हणाले, "तोंड नाही बघितलं. पण डावा कान सुरेख आहे."

मी विरारच्या चंदनसारला राहते आणि घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, नुसतं उत्तर चालत नाही. मी एकदा सरळ विचारलं, "काका, हे असं तिरकं का बसता? मान नाही का दुखत?"

"समोरून काय, कोणीही बघेल!" काका म्हणाले. "खरा खेळ विंगेतून दिसतो."

तर ते असं आहे. काका मूळचे आगाशीचे. नोकरी गोखिवऱ्याला एका कारखान्यात स्टोअरकीपरची केली, पण ती पोटासाठी. खरं काम गावच्या नाटकात प्रॉम्प्टरचं. पस्तीसएक वर्षं दर जत्रेच्या नाटकाला हे विंगेत, हातात वही आणि बॅटरी घेऊन. स्टेजवर एकदाही पाऊल ठेवलं नाही. नाटक संपल्यावर सगळे नट हात जोडून उभे राहायचे, तेव्हा हे विंगेत अंधारात आपल्या चपला शोधत असायचे. नाटकं झाली ऐतिहासिक, सामाजिक, विनोदी, आणि काकांनी सगळी बाजूने बघितली. त्यामुळे अफजलखानापासून घरजावयापर्यंत सगळ्यांचा त्यांना फक्त उजवा गाल माहीत आहे.

एका वर्षी म्हणे महाराजांचं काम गावातल्या एका बड्या असामीला दिलं होतं. वर्गणी मोठी दिली होती ना! पाठांतराच्या नावाने शंख. काका वाक्य द्यायचे आणि महाराज कानाला हात लावून "आँ?" करायचे. काकांनी जरा मोठ्याने दिलं. पुन्हा "आँ?" शेवटी तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी वैतागून ओरडली, "अरे मेल्या, गड सोडनार नाय म्हन!" महाराज लगेच छाती काढून म्हणाले, "हां! गड सोडनार नाय!" टाळ्या म्हातारीला पडल्या. ही गोष्ट काका अजून सांगतात आणि अजून चिडतात. म्हातारीने वाक्य दिलं याचा राग नाही, पण तिने 'ण' चा 'न' केला.

नाटकं थांबली, पण काका थांबले नाहीत. समोरचा माणूस बोलता बोलता जरा श्वास घ्यायला थांबला की हे हळूच, ओठ न हलवता, पुढचा शब्द देतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "पाण्याच्या टाकीची साफसफाई आपण..." की बाजूने आवाज, "पुढच्या महिन्यात." सेक्रेटरीही बावळटासारखे "पुढच्या महिन्यात" म्हणून मोकळे! टाकी पाच महिने तशीच. खालच्या मजल्यावर एक आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेले एक गृहस्थ मुलाचा हात धरून "फार... फार..." करत उभे राहिले. काकांनी मागून दिलं, "वाईट झालं." गृहस्थांनी मागे वळून इतक्या कृतज्ञतेने बघितलं की विचारू नका. माझ्या शिकवणीला खिडकीतून सूत्रं पुरवतात, आणि तीही चुकीची. मी एकदा खिडकी धाडकन लावून घेतली तर बाहेरून आवाज आला, "वर्ग अधिक."

आणि सुमनकाकू! त्या अर्नाळ्याकडच्या, माहेरची बोली सोडलेली नाही. त्या "पानी" म्हणाल्या की काका "पाणी" म्हणून वाक्य देतात. संसाराला चाळीसच्या वर वर्षं झाली. काकू अजून "पानी"च म्हणतात, काका अजून दुरुस्त करतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

अशा या काकांनी मागच्या पावसाळ्यानंतर एका सोमवारी माझं दार वाजवलं. "अनघा, तुला त्या कॉम्प्युटरमधलं कळतं ना? मला लॅपटॉप घ्यायचाय. रविवारच्या आत."

मी चाटच पडले. ज्या माणसाने मोबाईलवर आजवर फक्त उचलणे आणि ठेवणे या दोन क्रिया केल्या, त्याला लॅपटॉप! "कशाला हवाय?"

"कामासाठी."

"कसलं काम?"

"आहे एक," असं म्हणून काका आमच्या चपलांच्या स्टँडकडे बघायला लागले. सगळ्यांची वाक्यं माहीत असलेला माणूस स्वतःच्या वाक्याला अडला, हे खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मंगळवारी आम्ही विरार स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दिव्या नावाची एक चटपटीत मुलगी पुढे आली. "बोला सर, युज काय आहे? गेमिंग, ऑफिस, एडिटिंग?"

"बघणे," काका म्हणाले.

"म्हणजे मूव्हीज?"

"माणसं."

दिव्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पण मुलगी कामाची, तिने लगेच सांगायला सुरुवात केली. स्क्रीन चौदा इंची, पंधरा इंची की सोळा, चकचकीत काचेची की मॅट फिनिशची, टच की साधी, शिवाय आतलं पॅनल टीएन, आयपीएस की ओएलईडी. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक स्टूल दे बघू."

स्टूल आलं. काकांनी ते लॅपटॉपसमोर न ठेवता पार त्याच्या बगलेत, जिथे चार्जरची वायर लावतात तिकडे नेऊन ठेवलं, आणि बसले मान वाकडी करून.

स्क्रीनवर एक परदेशी कुटुंब हिरवळीवर हसत पळत होतं. "हे बघ, यांना कावीळ झाली," काका म्हणाले. मग जरा मागे सरकले. "आता निळे पडले. अगं, या आईचे दात काळे दिसतायत!"

"सर, तो टीएन पॅनल आहे, स्वस्तातला. साइडने बघितलं की कलर फाटतात," दिव्या म्हणाली. "पण साइडने कोण बघतं?"

झालं! आगीत तेल.

"समोरून काय, कोणीही बघेल!" काका इतक्या जोरात म्हणाले की फ्रीज बघायला आलेलं एक नवपरिणीत जोडपं फ्रीजचं दार उघडं टाकून आमच्याकडे बघायला लागलं. मग काका प्रत्येक लॅपटॉपच्या बगलेत बसत गेले. चकचकीत ओएलईडीसमोर, म्हणजे बाजूला, जरा रमले. "रंग झकास आहेत. पण यात ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो, तू पण दिसतेस. माझ्या पाठीशी बाल्कनीचं दार आहे. यात मला समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतील." नापास. टच स्क्रीनवर त्यांनी बोट लावलं, हिरवळ सरकून कुटुंब गायब झालं. "हिला बोट लावायची सवय आहे, माणसं हरवतील." हाही नापास. 'हिला' म्हणजे कोणाला, ते सांगितलं नाही.

शेवटी एका मॅट स्क्रीनच्या आयपीएसपाशी थांबले. "इथून ठीक दिसतंय. अनघा, समोर बस. दिव्या, आता यातला कॅमेरा लाव. मी दिसतो का त्यात?"

"नाही सर. जरा आत या ना, मग दिसाल."

"नको नको. उत्तम. आता स्टूल एक लादी पुढे घेतो. आता?"

"आता कोपर दिसतंय."

"मग मागे." काकांनी खाली बघून लाद्या मोजल्या, लॅपटॉपपासून स्टुलापर्यंत तीन, आणि खिशातल्या कागदावर लिहूनही घेतलं. मग उठले, दिव्याला म्हणाले, "सांगतो," आणि चालू लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासभर त्या मुलीला नाचवलं, फ्रीजवाल्यांची करमणूक केली, आणि घेतलं काय, तर तीन लाद्या! रिक्षात मी त्यांना चांगलं सुनावलं. "काका, लॅपटॉप घेणारा माणूस लॅपटॉपमध्ये दिसू नये म्हणून धडपडतो, हे मी आज पहिल्यांदा बघितलं. पुन्हा मला बोलवू नका." काका घरापर्यंत रिक्षावाल्याचा उजवा गाल बघत बसले.

संध्याकाळी सुमनकाकू वाटीभर वालाचं बिरडं घेऊन आल्या. बिरडं आलं म्हणजे काहीतरी सांगायचंय, हे मला आता इतक्या वर्षांत कळतं.

"रागावलीस ना ह्यांच्यावर?" काकू म्हणाल्या. "नको रागावू. मिलिंदला मुलगी झालीय. रविवारी सकाळी व्हिडिओवर दाखवनार बाळाला. ह्यांना बगायचीय. पन कबूल कोन करनार?"

मिलिंद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कॅनडात आहे एवढं मला माहीत होतं. काका त्याच्याबद्दल कधी बोलत नाहीत, तेही माहीत होतं. का, ते त्या संध्याकाळी कळलं. मिलिंद बँकेत होता, कायमची नोकरी. सहा वर्षांपूर्वी एक दिवस राजीनामा देऊन आला आणि म्हणाला, मी कॅनडाला चाललोय, ट्रक चालवायला. काकांचा पारा चढला. बँकेतला साहेब मुलगा ट्रकवर जाणार, आगाशीत तोंड कसं दाखवायचं? निघायच्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "जातोस तर जा. पण यापुढे मला बाबा म्हणायचं नाही."

"रागात निसटलं गं तोंडातून," काकू म्हणाल्या. "आनि तो पन ह्यांचाच मुलगा! त्या दिवसापासून तो शब्द त्याने उच्चारला नाय. फोनवर 'घरी सगळे बरे ना?' असं विचारतो. सगळे कोन? मी आनि हे, दोनच तर मानसं."

"मग काका सरळ समोर बसून बोलत का नाहीत?"

"सुंभ जळेल पन पीळ जानार नाय. हे म्हनतात, त्याने आधी हाक मारावी. तो म्हनतो, त्यांनीच नको सांगितलंय. दर रविवारी मी मोबाईलवर बोलते, हे बाजूला खुर्चीवर बसून मला सांगत असतात काय विचारायचं ते. 'बर्फाचे टायर लावले का विचार.' 'सलग किती तास चालवतो विचार.' आता मला मेलीला टायरातलं काय कळतं? तरी मी आपली विचारते. तो पन सगळं नीट सांगतो, अगदी टायरच्या नक्षीपासून. आता हे मला सांगतोय का कोनाला, ते त्याला ठाऊक."

"आणि काकांना मिलिंद दिसतो?"

"कसला दिसतोय? मोबाईल एवढासा. मला धड दिसत नाय म्हनून मी नाकाला लावून बसते. ह्यांना सहा वर्षं नुसता आवाज ऐकू येतोय." काकूंनी पदराने डोळे पुसले. "मुलाला बगितलेलं नाय गं त्यांनी."

मला भरून आलं आणि त्याच क्षणी दोघा बापलेकांना उभं करून छडीने बडवावं असंही वाटलं. दहावीच्या पोरांनाही एवढं समजवावं लागत नाही. पण रिक्षात मी जे काही बोलले होते ते आठवून माझ्या घशाखाली बिरडं उतरेना.

शनिवारी मीच त्यांचं दार वाजवलं. "चला काका. लॅपटॉप."

दुकानात शिरल्या शिरल्या मी दिव्याला म्हटलं, "आयपीएस, मॅट, टच नको. आणि यांना स्टूल दे. बाजूला." दिव्याने न बोलता स्टूल आणून बरोबर तिसऱ्या लादीवर ठेवलं. आता प्रश्न उरला चौदा इंची की सोळा. चौदा आटोपशीर, सोळा म्हणजे पाटच. काका दोन्हींकडे तिरके बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "यात एखाद्या लहान बाळाचं चित्र लावता येईल का? म्हणजे, केवढं दिसतं ते..."

दिव्याने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "माझ्या भाच्याचा फोटो लावू, सर? तीन महिन्यांचा आहे." तिने आपल्या मोबाईलमधून दोन्ही लॅपटॉपवर त्याला लावला. गोबऱ्या गालांचं, टोपडं घातलेलं पोर दोन्हीकडून हसायला लागलं.

काका बराच वेळ बघत होते. "यात नाकपुडीसुद्धा दिसते," सोळा इंचीकडे बोट करून म्हणाले. "हाच द्या." मग बिल होईपर्यंत दिव्याला विचारत बसले की भाचा पालथा पडतो का, रात्री रडतो का. हे मात्र कोणाच्या तोंडून न वदवता त्यांनी स्वतः विचारलं.

रविवारी सकाळी आठला मी त्यांच्याकडे हजर. तिकडे शनिवारची संध्याकाळ. मिलिंदने काकूंकडून नंबर घेऊन लिंक माझ्याच मोबाईलवर पाठवली होती. टीव्हीसमोरच्या टीपॉयवर लॅपटॉप ठेवला, सोफ्यावर काकू नवी साडी नेसून बसल्या, बटणं दाबायला मी त्यांच्या शेजारी. सोफ्यामागे पाहुण्यांच्या कपबशांचं काचेचं कपाट. आणि काका बाल्कनीच्या दाराशी आपल्या खुर्चीवर, बनियन-लुंगीत, हातात तीन दिवसांपूर्वीचा पेपर. खुर्चीच्या मागच्या पायांपाशी खडूची खूण केलेली होती.

मिलिंद दिसला. दाढी वाढवलेला, कानाशी थोडा पिकलेला. मी चोरून बाजूला बघितलं. काकांचा पेपर खाली आला होता. सहा वर्षांत मुलाचे केस पिकले, ते या माणसाला आता कळत होतं. "बारीक झालाय," ते ओठ न हलवता म्हणाले. काकू लगेच, "बारीक झालायस रे!"

"नाही गं आई, उलट वजन वाढलंय."

मग सूनबाई बाळाला घेऊन आली. गुलाबी लोकरीत गुंडाळलेलं, झोपेला आलेलं, मुठी आवळलेलं बाळ. काकू "अगं बाई, अगं बाई" याच्या पुढे जाईनात. विंगेतून मात्र वाक्यांची रांग लागली. "मान धर म्हणावं." "मान धर गं बाळाची." "टोपडं का नाही?" "टोपडं का नाय घातलं?" "घरात हीटर आहे, आई." "हीटरने हवा कोरडी होते, पाण्याचं भांडं ठेवायला सांग." "पान्याचं भांडं ठेव खोलीत." या वेळी काकांनी 'पाणी' सुद्धा दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "आई, जरा डावीकडे सरक ना."

काकू सरकल्या.

"अजून थोडी."

काकू आणखी सरकल्या, आता सोफ्याच्या पार टोकाला. मला कळेना. आम्ही कशा दिसतोय ते लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिसतं, तिकडे मी बघितलं. काकू तर आता अर्ध्याच दिसत होत्या. मधे नुसतं काचेचं कपाट. मी त्यांना पुन्हा मधे ओढणार, इतक्यात त्या काचेत मला काका दिसले. बनियनमधले, पेपर मांडीवर पडलेला, मान वाकडी करून एकटक बघणारे. बाल्कनीचा सगळा उजेड त्यांच्यावर पडला होता. तीन लाद्या मोजून, खडूने खूण करून लपलेला माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लख्ख दिसत होता.

मी मिलिंदकडे बघितलं. तो आईकडे बघतच नव्हता.

काकांना याचा पत्ता नव्हता. ते बाळात बुडाले होते. "नाक कोणावर गेलंय विचार," त्यांनी पुढचं वाक्य दिलं.

"नाक कोनावर गेलंय रे?" काकू.

 मिलिंदने बाळाला हलकेच आडवं वळवलं, त्याचा एका बाजूचा गाल आणि नाक कॅमेऱ्यासमोर धरलं. "समोरून नाही कळत, आई. बाजूने बघ." मग म्हणाला, "बाबांवर गेलंय."

 काकूंनी सवयीने विंगेकडे बघितलं, पण तिकडून वाक्यच आलं नाही. काकांनी पेपर वर उचलून तोंडासमोर धरला होता. शेवटी काकूंनी स्वतःच्या मनाने सांगितलं, "चांगलं आहे हो नाक. शोभतंय तिला."

घरी येऊन चहा टाकला तर मोबाईलवर मिलिंदचा मेसेज. "अनघाताई, लॅपटॉप तिथेच राहू दे, हलवू नका. आणि बाबांना काही सांगू नका, उठून जातील. ते फार बारीक झालेत. नीट जेवतात ना? मी विचारलं म्हणू नका. तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारा."

घ्या! आता मलाही वाक्यं यायला लागली. बाप आईकडून बोलून घेतो आणि लेक शेजारणीकडून. पण राग काही आला नाही. मी गॅस बंद केला आणि समोर गेले.

काका अजून त्याच खुर्चीवर होते. लॅपटॉप बंद होता, तरी तिकडेच बघत होते. मी अगदी सहज, जमेल तेवढं सहज म्हटलं, "काका, फार बारीक झालायत. नीट जेवता ना?"

काकांनी मान माझ्याकडे वळवली. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून आपली वाक्यं ऐकलेला माणूस, त्याच्यासमोर मी गणिताची मास्तरीण काय नाटक करणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं, बंद लॅपटॉपकडे बघितलं. मग उठले, लॅपटॉपच्या मागे उभे राहून सोफ्याकडे बघितलं. कपाटाच्या काचेत त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती.   गेलं सगळं मुसळ केरात, असंच मला वाटलं.

"हे वाक्य तुझं नाही," काका म्हणाले.



ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. घसा साफ केला. "जेवतो म्हणावं," ते म्हणाले. "दोन्ही वेळ."

पुढच्या रविवारी मी गेले तर खुर्ची तिथेच, खडूच्या खुणेवर. काका पेपर घेऊन बसले होते, मान वाकडी, कॅमेऱ्याच्या बाहेर. फक्त दाढी गुळगुळीत केली होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता, आणि काकू ओल्या फडक्याने कपाटाची काच पुसत होत्या.

"तिथे डाग राहिलाय," काका म्हणाले. "जरा वरच्या बाजूला. माझ्या डोक्याशी."